कोआला सात-नऊ लाख असतील, तर तो ‘संकटग्रस्त’ कसा?

आकडेमोड
ऑस्ट्रेलियाच्या ‘सीएसआयआरओ’ या सरकारी संशोधन संस्थेचा २०२५चा अंदाज आहे ७,२९,००० ते ९,१८,००० कोआला. याच संस्थेचा २०२४चा अंदाज होता २,२४,००० ते ५,२४,०००. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन कोआला फाउंडेशन ३२ ते ५८ हजार सांगत होतं. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या राजधानी प्रदेशातल्या कोआलाचा दर्जा ‘असुरक्षित’वरून ‘संकटग्रस्त’वर नेला.

माझं स्पष्ट मत आहे की हा दर्जा नव्याने तपासला पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिल्बर्टचा पोटोरू हाही शिशुधानी प्राणीच. नामशेष झाला असं समजत होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडला. जगात जेमतेम शंभरेक उरलेत, आणि २०१५च्या वणव्यात त्यांचं बहुतेक रान जळून गेलं. लोकांचं लक्ष आणि पैसा मात्र कोआलाकडे. हे प्राधान्य मला पटत नाही.

रानवाटा
पोटोरूला जास्त पैसा मिळावा, शंभर टक्के सहमत. पण त्यासाठी कोआलाचा दर्जा उतरवायचा हे चूक आहे. वर्षभरात कोआला दुप्पट-तिप्पट होऊच शकत नाहीत. मादीला वर्षाला फार तर एक पिल्लू होतं. आकडा फुगला तो जास्त जंगलं तपासली गेली आणि गणिताचं प्रारूप सुधारलं म्हणून. संस्थेने स्वतःच तसं सांगितलंय.

दुसरं म्हणजे, ‘संकटग्रस्त’ ठरवताना एकूण संख्या हा एकच निकष नसतो. तीन पिढ्यांत ५० टक्के घट झाली तरी तो दर्जा मिळतो. २०२२चा निर्णय त्यावरच झाला: त्या तीन प्रदेशांत २००१ मध्ये सुमारे १,८५,०००, २०२१ मध्ये सुमारे ९२,०००. टास्मानियन डेव्हिलचंही तेच. १९९६ मध्ये अंदाजे ५३ हजार, मग चेहऱ्यावरच्या संसर्गजन्य कर्करोगाने २०२० पर्यंत १७ हजारांच्या आसपास. सतरा हजार म्हणजे काही मूठभर नाहीत, पण घसरण पाहा.

आकडेमोड
घसरणीचा निकष मान्य. पण ती घसरण ज्या दोन आकड्यांवर उभी आहे, ते किती पक्के? ९२ हजार हा आकडाच काही पटींनी कमी निघत असेल, तर १,८५,००० वर विश्वास कसा ठेवायचा? दोन्ही कच्चे असतील तर त्यांच्यातली टक्केवारीही कच्चीच.

पानझड
हा मुद्दा रास्त आहे आणि त्याचं उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. कोआलाच्या अंगावर वाघासारखे पट्टे नसतात, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या फोटोवरून एकेक ओळखून मोजता येत नाही. मग तीन वाटा उरतात.

जुनी पद्धत लेंड्यांची. एक मधलं झाड धरून आसपासची एकूण ३० झाडं घ्यायची, खोडाचा व्यास किमान १० सेंमी. प्रत्येकाच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंत पालापाचोळा हाताने बाजूला सारत दोनेक मिनिटं शोधायचं. किती टक्के झाडांखाली लेंडी मिळाली, त्यावरून वावर समजतो. संख्या समजत नाही! शिवाय ओल्या जंगलात लेंडी लवकर कुजते, किडे खातात. कोरड्यात महिनोन्‌महिने टिकते. एकाच पद्धतीने ओलं रान ‘रिकामं’ ठरतं आणि कोरडं ‘भरलेलं’.

दुसरी ध्वनिमुद्रकाची. वसंतातल्या विणीच्या हंगामात नर रात्री घुमतात, ते टिपायचं. डोंगराळ, दाट जंगलात हीच सर्वांत उपयोगी. पण घुमतात मुख्यतः नर. माद्यांचा आकडा गृहीत धरावा लागतो.

तिसरी थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या ड्रोनची. थंडीत, पहाटेआधी उडवायचा. ऊन चढलं की खोडं आणि पानं तापतात, प्राण्याचा उजळ ठिपका त्यात विरून जातो. पॉसम या झाडावरच्या दुसऱ्या प्राण्याचाही ठिपका दिसतो, म्हणून प्रत्येक ठिपक्यावर खाली येऊन झूम करून खात्री करावी लागते. दाट पानांआड बसलेला कोआला तरीही सुटतोच. त्यासाठी तीच जागा पुन्हा उडवून किती सुटले याचा हिशोब लावतात.

म्हणजे २००१चा आकडा आणि २०२५चा आकडा शेजारी ठेवून ‘वाढले’ म्हणता येत नाही, आणि रानवाटा, खरं तर ‘निम्मे झाले’ हेही तितक्या ठामपणे म्हणता येत नाही.

दक्षिणवारा
देशाचा एकच आकडा हीच मुळात दिशाभूल आहे. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया २०२२च्या दर्जात नाहीतच. तिथे काही ठिकाणी कोआला जास्त झालेत. केप ऑटवेत त्यांनी मॅना गम ही निलगिरी ओरबाडून झाडं मारली आणि मग स्वतः उपाशी मरू लागले. २०१३-१४ मध्ये तिथे जवळपास ७०० कोआलांना दयामरण द्यावं लागलं. शेजारी मेसमेट ही दुसरी निलगिरी उभी होती, तरी बहुतेकांनी तोंड लावलं नाही. आतड्यातले जिवाणू त्या पानांना सरावलेले नव्हते.

हे दक्षिणेचे कळप बेटांवर वाचवलेल्या मोजक्या जिवांपासून वाढलेत. कांगारू बेटावर १९२०च्या दशकात दीड डझन सोडले होते. जनुकीय विविधता इतकी कमी की काही नरांना एकच वृषण असतं. असे लाखभर असले तरी ते क्वीन्सलँडच्या कोआलांची जागा घेऊ शकत नाहीत.

आकडेमोड
मग उत्तरेचा, म्हणजे त्या तीन प्रदेशांचा दर्जा उत्तरेच्या मोजणीवर ठरवा, एवढंच म्हणतोय. तिथलाही अंदाज वर गेलाय.

रानवाटा
वर गेलाय, पण त्यातल्या किती माद्या विणाऱ्या? क्लॅमिडिया या जिवाणूच्या संसर्गाने प्रजननमार्गात गाठी होऊन वांझ झालेली मादी ड्रोनला निरोगीच दिसते. त्यावरची लस २०२५ मध्ये मंजूर झाली, पण रानातल्या कोआलाला ती द्यायची तर आधी झाडावरून उतरवून पकडावं लागतं. संख्या बरी दिसते म्हणून कोआला संरक्षित यादीतूनच काढला, तर जंगलतोडीच्या अर्जांवरची केंद्राची तपासणीही जाते, आणि तुटलेलं रान परत येत नाही.

पानझड
त्याच जागा, तोच महिना, तीच पद्धत, आणि सोबत पकडलेल्या माद्यांत पिल्लूवाल्या किती याची नोंद. एका कोआला-पिढीइतकी, म्हणजे सहा-आठ वर्षांची अशी मालिका हाती येईपर्यंत दर्जाला हात लावू नये, वर नाही आणि खालीही नाही.

आकडेमोड
सहा-आठ वर्षं थांबायला माझी हरकत नाही. पण त्या काळात पोटोरूच्या वाट्याला काय येतं, हे कुणीच सांगितलं नाही.