व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दारफुरचे व्हिडिओ हेगच्या कोर्टात चालतील का?

प्रश्न (लॉ सेकंड इयर, पुणे):
माझ्या वर्गात एक सुदानी मित्र आहे, घर दारफुरमधल्या एल-फाशरचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएसएफने, म्हणजे सुदानच्या सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी दलाने, शहर घेतलं तेव्हापासून त्याच्या फोनवर व्हिडिओंचा ढीग लागलाय, काही तर मारणाऱ्यांनीच काढलेले, आणि हा रात्र रात्र जागून सगळं सेव्ह करत बसतो. म्हणतो कधीतरी कोर्टात लागेल. खरंच लागेल का? साध्या माणसांनी गोळा केलेलं तिथे कुणी बघतं का?

उत्तर १:
बघतात. लिबियातला कमांडर वर्फल्ली याच्यावर आयसीसीने, म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने, २०१७ मध्ये अटक वॉरंट काढलं ते बरंचसं सोशल मीडियावरच्या व्हिडिओंच्या जोरावर, ३३ जणांना मारल्याचा आरोप होता. पण वॉरंटला जेवढं पुरतं तेवढं शिक्षेला पुरत नाही, आणि तो २०२१ मध्ये मारला गेला, केस बंद झाली, म्हणजे बचावाच्या वकिलासमोर ते व्हिडिओ कधी टिकवून दाखवावे लागलेच नाहीत. दारफुरचं म्हणाल तर सुरक्षा परिषदेने ते प्रकरण २००५ लाच आयसीसीकडे दिलंय, त्यामुळे कोर्टाला तिथली केस चालवायला अडचण नाही.

उत्तर २:
मी अशा फुटेज तपासणाऱ्या एका गटात काम केलंय. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ आला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे, कशावर काढला ही माहिती बहुतेक जाते. म्हणून कुणी पाठवला, कोणत्या तारखेला, कोणत्या ग्रुपवर, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. मूळ पोस्ट सापडली तर लिंक, अकाउंटचं नाव, आख्खं पान कमेंटसकट. फाइल कापायची नाही, एडिट करायची नाही, लगेच हॅश (फाइलवरून कॉम्प्युटर काढतो तो आकडे-अक्षरांचा कोड) काढायचा, तो फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, जरा बदल झाला की जुळत नाही. आणि लवकर करा, २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक सिस्टीमने सीरियातल्या युद्धाचे किती व्हिडिओ उडवले, सीरियन आर्काइव्हसारख्या लोकांनी कॉपी ठेवल्या म्हणून त्यातले पुष्कळ वाचले. एका क्लिपची जागा ठरवायला मला चार दिवस लागले होते, मिनार, पाण्याची टाकी आणि सावली एवढ्यावरून.

उत्तर ३ (वकील, जालना):
आपल्याकडे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं, हे जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब खाली सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलं, आमच्या जालन्याच्याच निवडणुकीच्या केसमध्ये, आणि नव्या साक्ष कायद्यातल्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात तर हॅशही लिहावा लागतो. हेगमध्ये असा ठरलेला कागद नाही, किती वजन द्यायचं ते न्यायाधीश ठरवतात, त्यामुळे वरच्यांनी सांगितलेल्या नोंदीच कामाला येतील. एक मात्र नक्की सांगा, वाचलेल्या माणसांचे जबाब स्वतः घ्यायचे नाहीत. आयसीसीच्या फिर्यादी कार्यालयाने आणि युरोजस्टने (युरोपियन युनियनची न्यायिक सहकार्य संस्था) २०२२ मध्ये असे पुरावे जमवणाऱ्या संस्थांसाठी सूचना काढल्यात त्यात हेच आहे, दोन जबाबांत फरक पडला की बचाव पक्ष तोच धरतो.

प्रश्नकर्ती:
बापरे. तो मावशीला फोन करून रेकॉर्ड करतोय, तीनदा झालं.

उत्तर २:
आता नको म्हणावं. ती बोलायला तयार आहे एवढंच लिहून ठेवू दे, आणि झालेली रेकॉर्डिंग पुसू नका, ठेवा तशीच. फिर्यादी कार्यालयाचं ओटीपीलिंक नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे पाठवता येतं. आणि त्याला सांगा व्हिडिओ आवाज बंद करून बघ, दिवसा बघ, शेजारी कुणीतरी असताना. तुम्हीच बसा त्याच्यासोबत.