एचआयव्ही आणि पेरिनेटल एपिडेमिऑलॉजीत पोस्टडॉक: दोनपैकी कुठली जागा घेऊ?

नमस्कार मंडळी, एपिडेमिऑलॉजी (लोकांमध्ये आजार कसे पसरतात याचा अभ्यास) किंवा पब्लिक हेल्थमधलं कोणी असेल तर प्लीज वाचा, निर्णय होत नाहीये.

माझी पीएचडी बायोस्टॅटमधली (आरोग्याच्या डेटाचं स्टॅटिस्टिक्स), काम सगळं मोठ्या माणसांच्या एचआयव्ही डेटावर, म्हणजे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) कधी दबतो, लोक उपचार मधेच का सोडतात वगैरे. पोस्टडॉक मात्र एचआयव्ही आणि गरोदरपण यातच करायचाय. 1994 च्या एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये आईकडून बाळाला होणारी लागण 25.5 वरून 8.3 टक्क्यांवर आली, आणि आता आई आधीपासून औषधांवर असेल, व्हायरल लोड दबलेला असेल तर ती 1 टक्क्याच्याही खाली जाते. म्हणजे लागण न झालेली पण पोटात असताना या औषधांच्या संपर्कात आलेली मुलं आता लाखोंनी आहेत, आणि वेळेआधी जन्म, कमी वजन, पुढची वाढ यावर कुठल्या औषधाचा काय परिणाम होतो हे नीट कळायलाच हवं, नाहीतर भोगतात बायका. बोत्स्वानाचं बघा ना, 2018 च्या मोजणीत, गर्भ राहिला तेव्हा डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध चालू असलेल्या 426 बाळंतपणांत 4 न्यूरल ट्यूब डिफेक्ट (बाळाच्या मेंदू-मणक्यातले जन्मजात दोष) दिसले, बऱ्याच ठिकाणी बायकांना ते औषध द्यायला डॉक्टर कचरायला लागले, 2019 पर्यंत आकडा 1683 त 5 वर आला आणि पुढे फरकच उरला नाही. मोजणी चालू ठेवली म्हणून कळलं!

तर ऑफर दोन आहेत. (अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी32 या ट्रेनिंग ग्रँटवरच्या जागा फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, त्यामुळे त्या बाद. अर्ज लिहिण्याआधी तुम्हीपण हे बघून घ्या.) पहिलीकडे मोठा कोहॉर्ट (बराच काळ पाठपुरावा केलेला लोकांचा गट), डेटा तयार, मेंटर कॉझल इन्फरन्समधले (कशामुळे काय होतं ते डेटातून काढणारे), पेपर पटापट होतील. दुसरीकडे छोटा अभ्यास, डेटा अजून गोळा होतोय, मेंटर बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर, स्टॅटिस्टिक्सवालं कोणीच नाही.

माझा कल दुसरीकडे आहे, कारण गणित मला येतं पण गरोदरपणातला काळ कसा मोजायचा ते येत नाही. बाई सहाव्या महिन्यात पहिल्यांदा क्लिनिकला आली तर त्याआधी पडलेले गर्भ डेटात येतच नाहीत, आठव्या महिन्यात औषध सुरू केलेलीचं बाळंतपण सातव्यात झालेलं असूच शकत नाही, मग ते औषध उगाच चांगलं दिसतं, आणि पाळीच्या तारखेवरून आठवडे धरले की सोनोग्राफीवरून, यावर कोणतं बाळ प्रीटर्म (वेळेआधी जन्मलेलं) ठरतं तेच बदलतं. हे सगळं नोंदी होतात तिथे बसल्याशिवाय कळेल असं मला वाटत नाही.

पण मेथड्सचा मेंटर नसताना दोन वर्षं काढणं कितपत शहाणपणाचं? बाहेरचा को-मेंटर लेखी ठरवून घेता येतो का, कोणी घेतलाय का? आणि डेटा कधी हातात येणार, फर्स्ट ऑथर कोण, नंतर स्वतःच्या ग्रँटसाठी तो डेटा वापरू देतील का, हे जॉइन व्हायच्या आधी विचारलं तर आगाऊपणा वाटेल का? दोन्हीकडे याच महिन्यात कळवायचंय, कोणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा.