मदत हवी आहे : झ्देस्लाव (८७८–८७९), 'मुलगा' लिहू की 'कुळातला'?

नमस्कार मंडळी,

क्रोएशियाच्या सुरुवातीच्या राज्यकर्त्यांवर मराठी विकिपीडियासाठी नोंदी लिहायला घेतल्या आहेत. ब्रानिमिर, तोमिस्लाव झाले. झ्देस्लावपाशी अडले आहे. जेमतेम वर्षभराची सत्ता, मजकूर अगदी थोडा, आणि जो आहे त्यात एकेका शब्दावर अर्थ फिरतो.

जॉन डीकनच्या व्हेनिसच्या बखरीतलं मुख्य वाक्य मी असं लावलं आहे : "याच दिवसांत त्र्पिमिरच्या कुळातला झ्देस्लाव सम्राटाच्या पाठबळावर कॉन्स्टँटिनोपलहून आला, त्याने स्लावांची सत्ता बळकावली आणि दोमागोयच्या मुलांना परागंदा केलं." (सम्राट म्हणजे बायझंटाईन सम्राट पहिला बॅसिल. त्र्पिमिर आणि दोमागोय हे झ्देस्लावच्या आधीचे क्रोएशियाचे राज्यकर्ते.) मूळ लॅटिन शब्द 'एक्स प्रोजेनिए', म्हणजे 'वंशातला', असे आहेत. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी सरळ 'त्र्पिमिरचा मुलगा' असंच लिहिलेलं दिसतं. माझा हात तसं लिहायला धजत नाही. चुकतेय का मी?

दुसरी अडचण पदवीची. पोप आठवा जॉन ८७९ च्या पत्रात त्याला 'कोमेस' (काउंट) म्हणतो आणि बल्गेरियाला निघालेल्या आपल्या दूताला तुझ्या मुलखातून सुखरूप जाऊ दे, असं सांगतो. त्याच वर्षी झ्देस्लाव मारला गेला आणि ७ जूनला पोपचं पत्र निघालं ते ब्रानिमिरच्या नावे! ही दोन पत्रं पाठोपाठ वाचताना जीव हळहळतो. असो. 'राजा' लिहवत नाही, कारण पोपच्या पत्रात ती पदवी पुढे ९२५ मध्ये तोमिस्लावला दिसते. 'सरदार' म्हटलं की माणूस दुसऱ्याच्या पदरी असल्यासारखा वाटतो.

आणि त्र्पिमिर की तृपिमिर? तिथला र स्वरासारखा, म्हणून ऋ शोभतो खरा. पण आपण त्याचा 'रु' करून टाकतो.

लॅटिन जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद :

ताई, 'कुळातला' हेच ठेवा. इटलीतल्या चिविदालेच्या गॉस्पेल हस्तलिखितात पेटरच्या नावापुढे त्र्पिमिरचा 'फिलिउस', म्हणजे मुलगा, असं स्पष्ट लिहिलंय. झ्देस्लावबद्दल बखरकार तो शब्द वापरत नाही. हवं तर 'बहुधा मुलगा' असं पुढच्या वाक्यात घाला, माहितीचौकटीत नको.

पदवीसाठी दगडांवरच्या कोरीव लेखांकडे बघा. रिझिनित्सेच्या तुकड्यावर 'प्रो दुचे त्रेपिमे' (दुक्स, म्हणजे ड्यूक, त्र्पिमिरसाठी) इतकीच अक्षरं उरलीत, पुढे दगड तुटलाय. शोपोटच्या लेखात ब्रानिमिरही 'दुक्स'च आहे. बखरीतही झ्देस्लावने बळकावली ती 'दुकातुस', म्हणजे दुक्सचीच सत्ता. तेव्हा तिघांनाही एकच शब्द लावा. मी 'अधिपती' लिहीन. नाव त्र्पिमिर.

एक मात्र सांभाळा. ब्रानिमिरने त्याला मारून सत्ता घेतली, एवढंच बखरीत आहे, कारण दिलेलं नाही. 'पोपच्या चिथावणीने' वगैरे कुठे वाचलं असेल तर नोंदीत घेऊ नका.