थंड प्लेटीचं तापमानही लिहून ठेवा

थर्मल फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशनमध्ये, म्हणजे एक गरम आणि एक थंड अशा दोन प्लेटांमधल्या फटीतून द्रावण वाहवून पॉलिमरचे (लांब साखळीसारखे) रेणू आकारानुसार वेगळे काढायच्या पद्धतीत, दोन प्लेटांतला तापमानाचा फरक कायम ठेवला की झालं, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. पॉलिमरचे रेणू बहुधा थंड भिंतीकडे सरकतात आणि तिथल्या संथ प्रवाहात रेंगाळतात. मोठा रेणू मागे पसरायला आळशी, म्हणून भिंतीलगत जास्त दाटतो आणि उशिरा बाहेर पडतो. म्हणजे सगळा खेळ थंड बाजूला! तिथलं तापमान बदललं की फरक तोच असूनही ग्राफवरचा पीक, म्हणजे नमुना बाहेर पडताना दिसणारा उंचवटा, सरकतो. नागपुरात मे महिन्यात हे आपोआप कळतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळतं, तेच प्लेट गार ठेवायला फिरवलं तर तिला थंड कोण म्हणणार? आमच्याकडे पॉलिस्टायरीनचा सकाळचा आणि दुपारचा ग्राफ एकमेकांवर बसेचना. चिलर लावला, बसला.

पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरला ही पद्धत चालेल का, असंही कुणी विचारेल. पाण्यात त्यांचं हे थंड भिंतीकडे सरकणं बहुतेकदा फारच कमी, त्यामुळे पॉलिमर टोल्युइन किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) अशा सेंद्रिय द्रावकात विरघळणारं असेल तरच या वाटेला जा. लेटेक्सचे कण (पाण्यात न विरघळता तरंगत राहणारे पॉलिमरचे बारीक गोळे) मात्र पाण्यातही वेगळे काढता येतात.