मदत हवी आहे: बाबांची जुनी झोपेची तक्रार आणि आता विसरणं

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबांची सगळी नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत झाली, त्यातही रात्रपाळीच जास्त. निवृत्त झाले तरी झोपेची घडी बसलीच नाही. पहाटेच्या आधीच उठून अंगणात फेऱ्या मारतात, दुपारी खुर्चीत डुलक्या घेतात. घोरणं पहिल्यापासूनच. आई म्हणते, "मधेच श्वास थांबतोय बघ त्यांचा, मग दचकून उठतात."

अलीकडे भिशीचे पैसे दिले का, हे पुन्हा पुन्हा विचारतात. परवा बाजारातून येताना ओळखीचं वळण चुकले.

२०२१ साली आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासाबद्दल वाचलं. जवळपास ८,००० सरकारी नोकरांची २५ वर्षं नोंद ठेवली होती. पन्नाशीपासून सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा) धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रात्रपाळीनेच हे झालं का? आता काही करता येईल? झोपेची गोळी घेतात, ती बंद करू? आणि न्यायचं कुठे? बाबांना कन्नड कामापुरतंच येतं.

प्रतिसाद:

ताई, निपाणीहून लिहितेय. माझ्या सासूबाईंचं असंच होतं. ३० टक्क्यांनी घाबरू नका. शंभरात दहा जणांना होणार असेल, तर कमी झोपणाऱ्यांत तेरा, असा त्याचा अर्थ. शिवाय मेंदूतले बदल लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतात, त्यामुळे बिघडलेली झोप हे कारण की आजाराचीच सुरुवात, हे ठामपणे सांगता येत नाही. रात्रपाळीला दोष देत बसू नका.

श्वास थांबणं मात्र आधी दाखवा. स्लीप ॲप्निया असेल तर रात्रभर ऑक्सिजन कमी-जास्त होत राहतो, आणि त्यावर सीपॅप मशीनचा (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) उपचार आहे. झोपेतला व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. थायरॉईड, बी-१२ आणि कानही तपासून घ्या, विसरण्यामागे तेही असू शकतं. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करतील.

तुम्हाला धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मेंदू आणि मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, जवळ पडेल. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतच घ्या, असं आधीच सांगा, सोबत मराठी-कन्नड दोन्ही येणारं कुणीतरी न्या. नाहीतर कन्नडमुळे अडलेल्या उत्तरांचेही गुण जातात.