मदत हवी आहे: तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकांची पगारी प्रसूती रजा, ठरावाचा मसुदा

नमस्कार मंडळी,

आमच्या विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) शिक्षकांतून निवडून आलेल्या एका सदस्यांनी पालकत्व रजेवर ठराव मांडायचं कबूल केलंय. मसुद्याचं काम माझ्या गळ्यात आलंय. मी अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ शिकवते, कायद्याशी संबंध शून्य.

आम्हा पूर्णवेळवाल्यांचं तसं बरं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पूर्ण पगारी १८० दिवस, सबंध नोकरीत दोनदा. बापाला १५ दिवस. (ते वाढवून मागायचेच आहेत, पण त्यासाठी पुरुष सहकारी स्वतः सह्या घेऊन आले तर जास्त बरं वाटेल!)

खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्यातली कुणी रजेवर गेली की तिचे तास घ्यायला तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्याच मानधनावर, दुसरी येते. आता त्या दुसरीलाच दिवस गेले तर? यंदा आमच्याकडे हेच झालं. तिने रजेचा अर्ज दिला, तर कार्यालयात तिच्यापुढे बिलाचा कोरा फॉर्म सरकवला: तारीख, वर्ग, तासिका, शिकवलेला घटक, सही. "मॅडम, यातलं काय भरू सांगा. तास नाही तर बिल कशाचं काढू?" लिपिक माणूस वाईट नाही, बिलं मंजूर करणाऱ्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून बिल परत येईल ही त्याची धास्ती. अर्जाला लेखी उत्तर मात्र अजून नाही.

मला सापडलेलं असं:

२००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने रस्त्याची कामं करणाऱ्या बायकांनाही प्रसूती लाभ द्यायला लावला. २०२३ चा डॉ. कविता यादव या कंत्राटी डॉक्टरांचा निकाल तर आमच्या फार जवळचा. त्यांनी १ जूनपासून रजा मागितली, करार ११ जूनला संपत होता, म्हणून रुग्णालय अकराच दिवसांचे पैसे देत होतं. न्यायालयाने सांगितलं, करार संपला तरी २६ आठवड्यांचा लाभ द्या. केरळने २०२० मध्ये खाजगी शाळा-महाविद्यालयांना प्रसूती लाभ कायदा लागू केला, तोही दाखला देणार आहे.

अडलंय ते ८० दिवसांवर. लाभ मिळायला कायद्याने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम हवं. आठवड्याला नऊ तासिका. त्या चार दिवसांत वाटल्या तर ८० दिवस वीस आठवड्यांत भरतात. तेवढ्याच तासिका दोन दिवसांत कोंबल्या तर चाळीस आठवडे लागतात, आणि तेवढी नेमणूकच नसते! म्हणजे बाईचा हक्क वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात. यावर ठरावात काय लिहू? पर्यवेक्षणाचे, पेपर तपासणीचे दिवस धरता येतील का?

प्रतिसाद:
ताई, मी कामगार न्यायालयात वकिली करतो. ८० दिवस ही कायद्याची किमान अट आहे, मालकाने त्याहून सवलतीचा नियम करायला कायदा आड येत नाही. तेव्हा "नेमणूक आदेशाचा कालावधी हाच कामाचा कालावधी धरावा" असं सरळ लिहा, दिवस मोजण्याच्या भानगडीत पडूच नका. पर्यवेक्षणाच्या दिवशी हजेरीपटावर सही असेल तर दावा जरूर करा. लिपिकांच्या प्रश्नालाही कायद्यात उत्तर आहे: रजेआधीच्या तीन महिन्यांत ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसांच्या मजुरीची सरासरी काढायची. तिच्या जुन्या बिलांवरून हिशेब अर्ध्या तासात होईल.

प्रतिसाद:
ठराव दोन तुकड्यांत करा. अनुदानित महाविद्यालयांचा पैसा शासनाचा, तिथे अधिसभा फक्त शिफारस करणार. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत स्वनिधीतून मानधन जातं, तिथे व्यवस्थापन परिषदेला गाठा. एकत्र मांडलंत तर "शासनाकडे पाठवू" म्हणून दोन्ही थंड्या बस्त्यात जाईल.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. दोन तुकड्यांचं डोक्यात आलंच नव्हतं, आज रात्रीच तसं लिहून काढते. वकीलसाहेब, जुनी बिलं तिच्याकडून मागवलीत, हिशेब इथे टाकते, चुकलं तर सांगा. आणि राज्यात कुठेही तासिका तत्त्वावर असताना प्रसूती लाभाचं बिल मंजूर झालं असेल तर त्या पत्राचा फोटो नाव-गाव खोडून इथे टाका. आमच्या कार्यालयाला निकालापेक्षा असं एखादं जावक क्रमांकाचं पत्र लवकर पटतं.