रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि आज्ञापालनाची मर्यादा

प्रश्न : शास्त्राभ्यासी

सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीत सध्या बायबलमधील रोमकरांस पत्राचा अभ्यास चालू आहे. तेराव्या अध्यायात पत्राचा लेखक प्रेषित पौल सांगतो की प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, कारण अधिकार देवाने नेमलेले आहेत. उलट बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र यहुदी न्यायसभेला ठणकावतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. गटातील काहींच्या मते सरकारी आदेश कोणताही असो, तो पाळणे हेच विश्वासणाऱ्याचे कर्तव्य आहे. मला हे पटत नाही. पण जो तो न आवडणाऱ्या कायद्यापुढे आपला विवेक उभा करू लागला, तर त्याला काय सांगावे?

उत्तर : वसईकर

फ्रान्झ येगरश्टेटर हे ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड गावचे शेतकरी. गावच्या चर्चची व्यवस्थाही तेच पाहत. १९४० मध्ये बोलावणे आले तेव्हा त्यांनी लष्करी प्रशिक्षण घेतले होते. पुढे हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, अशी त्यांची खात्री झाली. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. खुद्द लिंझच्या बिशपांनी कुटुंबाचा विचार करा, असे समजावले. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुन्हा बोलावणे आले, तेव्हा ते पळाले नाहीत की लपले नाहीत. स्वतः छावणीत हजर झाले, शस्त्र घेणार नाही असे सांगितले आणि जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी दाखवली. ती मानली गेली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या हजर होण्यात आहे. त्यांनी पापाची आज्ञा नाकारली, पण राज्याने दिलेली शिक्षा चुकवली नाही. ज्याला केवळ आपली गैरसोय टाळायची असते, तो अशी किंमत मोजायला पुढे येत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका

वसईकरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु प्रत्येक वेळी प्रसंग प्राणावर बेतेल असे नाही, आणि आपल्या देशात राज्यघटना नावाचा एक मोठा आधार आहे. १९८५ मध्ये केरळात यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी कोणताही अनादर केलेला नाही, असा चौकशीचा अहवाल असूनही त्यांना काढले गेले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही हे महत्त्वाचे नाही, ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का हे पाहायचे, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्या पंथाची शिकवण मला मान्य नाही. राष्ट्रगीत मी आयुष्यभर मुलांकडून मनापासून म्हणवून घेतले. तरीही हा निकाल न्याय्य होता असेच मी म्हणेन. खुद्द पौलानेही फिलिप्पै नगरात रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली, म्हणजे अधीन राहणे आणि हक्क मागणे यांत त्याला विरोध दिसला नाही.

शास्त्राभ्यासी

दोघांचेही आभार. फक्त येगरश्टेटर यांच्या कुटुंबाचे काय झाले, हा विचार मनातून जात नाही.

वसईकर

प्रश्न रास्त आहे. पत्नी फ्रान्झिस्का यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण नंतर त्या ठामपणे पाठीशी राहिल्या. त्यांना गावकऱ्यांचे बोल ऐकावे लागले आणि विधवा म्हणून मिळणारे निवृत्तिवेतन युद्ध संपल्यावरही काही वर्षे नाकारले गेले. २००७ मध्ये लिंझ येथे कॅथलिक चर्चने फ्रान्झ यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, त्या सोहळ्याला त्या हजर होत्या. आपल्या गटात तेरावा अध्याय वाचण्याआधी बाराव्याचा शेवट जरूर वाचावा. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, असे सांगून मगच पौल अधिकाऱ्यांकडे वळतो.